मॉडेल ट्रॅक्टर लंगडतो: तीन चाकं टेकतात, चौथं अधांतरी

ट्रॅक्टर पूर्ण झाला, रंग वाळला, टेबलावर ठेवला आणि बॉनेटवर बोट टेकवलं की टक्‌ आवाज करून तो एका बाजूला कलतो. बोट उचललं की परत टक्‌. समोरचं एक चाक कागद सरकेल इतकं वर. मग ते चाक काढून खाली कागदाची चकती घालायची, किंवा दुसऱ्या बाजूचं चाक पॉलिश पेपरवर घासायचं. दोन दिवस बरं दिसतं, मग दुसरं चाक उचलतं, मग पहिलं. हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलाखाली सिगरेटच्या पाकिटाची घडी सरकवावी, तसला हा इलाज. टेबल उद्या दुसरीकडे सरकवलं की घडी गेली.

खालची मापं १:१६ प्रमाणासाठी आहेत आणि खरा ट्रॅक्टर ४० ते ४५ हॉर्सपॉवरचा धरला आहे: मागचा टायर १३.६-२८, पुढचा ६.००-१६. खऱ्यात मागचा टायर साधारण १३१० मि.मी. व्यासाचा आणि पुढचा ७३५ च्या आसपास, म्हणजे मॉडेलमध्ये ८२ आणि ४६ मि.मी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, सुमारे १९५० चा १२२ होतो. एका एक्सलवरच्या दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, १३०० चं ८१. या आकाराला चाकाखाली ०.३ मि.मी. फट राहिली तरी डोळ्याला दिसते आणि कानाला ऐकू येते.

मूळ दोष बहुतेक वेळा चाकात नसतो

खऱ्या ट्रॅक्टरला पुढच्या बाजूला स्प्रिंग नसते, मागेही नसते. तरी ढेकळांच्या रानात चारही चाकं जमिनीला असतात, कारण पुढचा एक्सल मधोमध एका सेंटर पिनवर झुलतो. डावं चाक सरीत उतरलं की उजवं वर येतं, इंजिन मात्र मागच्या चाकांच्या हिशोबाने उभं राहतं. म्हणजे ट्रॅक्टर उभा असतो तीन बिंदूंवर: मागची दोन चाकं आणि पुढची पिन. तिपाई कधी डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो. मॉडेल करताना पुढचा एक्सल बॉडीला चिकटवला की तिपाईचा चौरंग होतो, आणि चौरंगाचे चार पाय दशांश मि.मी.पर्यंत सारखे ठेवणं हाताने काम करणाऱ्याला जमत नाही. जमलं तरी टिकत नाही.

खरा उपाय पुढे आहेच. पण आधी दोष कुठे आहे ते नक्की करा. पिन बसवली तरी काही दोष तिच्याआड लपतात आणि बॉडी तिरकी दिसू लागते.

तपासणी, याच क्रमाने

पहिली गोष्ट, टेबलावर विश्वास ठेवू नका. काचवाल्याकडून ३०० × ३०० मि.मी. ची ५ मि.मी. जाड काच कडा घासून घ्या. जुना आरसाही चालतो. मॉडेल काचेवर ठेवा, कोणतं चाक उचललंय ते पाहा, मग मॉडेल जागेवरच अर्धा फेरा फिरवा. तेच चाक वर राहिलं तर दोष मॉडेलमध्ये. दुसरं चाक उचललं तर दोष खालच्या पृष्ठभागात.

ट्रॉली आणि अवजार सोडून ठेवा. थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे मागे अवजार जोडायच्या तीन दांड्यांना, रोटाव्हेटर पक्का चिकटवला असेल आणि तो काचेला टेकत असेल तर तो पाचवा पाय होतो, मग चाकांची तपासणी करण्यात अर्थ नाही. खऱ्यात खालचे दोन्ही आर्म बॉल जॉइंटवर मोकळे असतात. मॉडेलमध्येही निदान खालच्या दोन पिना मोकळ्या हव्यात.

आता फट मोजा. नेहमीचा झेरॉक्सचा कागद ०.१ मि.मी. जाड असतो. त्याच्या बोटभर पट्ट्या कापून एकावर एक सरकवत जा. तीन पट्ट्या घट्ट बसल्या तर फट ०.३. फट मोजायची वेगळी पाती (फीलर गेज) लागत नाहीत.

कोणतं चाक उचललंय यावरून दोषी चाक ठरवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. चार पायांची वस्तू कर्णावर डुलते. पुढचं उजवं चाक वर असेल तर पुढचं डावं आणि मागचं उजवं यांच्या आधारावर ती डोलतेय. अशा वेळी पुढचं उजवं चाक लहान असू शकतं, मागचं डावं लहान असू शकतं, किंवा उरलेल्या दोनपैकी एखादं मोठं. ट्रॅक्टरचं वजन मागे जास्त असल्यामुळे मागची दोन्ही चाकं टेकलेलीच राहतात, आणि मागच्या डाव्या चाकाचा दोष पुढच्या उजव्या चाकाखाली फट म्हणून दिसतो. पुढचा आणि मागचा ट्रॅक जवळपास सारखा असतो. म्हणून मागे त्रिज्येत ०.५ चा फरक असेल तर पुढे फटही ०.५ चीच. बिचारं पुढचं चाक विनाकारण घासलं जातं.

म्हणून चारही चाकांवर वरच्या बाजूला खडूची खूण करा. एका वेळी एकच चाक पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक वेळी फट मोजून कागदावर लिहा. एखादं चाक फिरवल्यावर फट बदलली तर ते चाक गोल नाही किंवा त्याचं भोक मधोमध नाही. सगळी चाकं फिरवून फट तीच राहिली तर चाकं निर्दोष धरून एक्सल आणि बॉडीकडे वळा. मागची दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट असतील तर ती एकदम फिरतात, तेव्हा एक चाक सैल करून ही परीक्षा घ्या. दोन्ही भोकं सारखीच सरकलेली असली आणि दोन्ही चाकं एकाच दिशेला वर असली तर मॉडेल डुगडुगणार नाही, चालताना फक्त उड्या मारेल. तेच चाक अर्ध्या फेऱ्याने उलटं बसवलं की डुगडुगायला लागेल. 'काल बरं होतं' ही तक्रार बरेचदा इथून येते.

बॉडीचा पीळ पाहायला दोन विणायच्या सुया घ्या, ३ मि.मी. जाडीच्या, लांब आणि सरळ. चाकं काढून पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या भोकांतून एक एक सुई आरपार घाला, मॉडेल डोळ्याच्या उंचीवर ठेवा आणि तीनेक फूट मागून पाहा. मागच्या सुईआड पुढची सुई बरोबर झाकली गेली तर पीळ नाही. ८१ मि.मी. ट्रॅकला ०.५ चा पीळ असेल तर ३०० मि.मी. च्या सुईच्या टोकांमध्ये तो जवळजवळ १.९ मि.मी. दिसतो, चष्मा न लावताही कळेल. सुया वरून पाहिल्यावर समांतर नसतील तर त्याने मॉडेल डुगडुगत नाही, ढकलल्यावर एका बाजूला ओढतं. तो वेगळा आजार.

इलाज: सेंटर पिन

पूर्ण झालेल्या मॉडेलवरही हे करता येतं. पुढचा एक्सल जिथे चिकटवलाय तिथे हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरून सांधा कापा. पुढच्या ब्रॅकेटला समोरून मागे जाणारं भोक पाडायचं आहे. हे भोक ट्रॅक्टरच्या लांबीला समांतर आणि काचेला आडवं समांतर हवं. ते खालीवर तिरकं गेलं तर एक्सल झुलताना चाकं वळतातही, आणि ट्रॅक्टर रुसल्यासारखा दिसतो. नुसत्या हाताने पाडू नका. ब्रॅकेट सुटा होत असेल तर काढून गुण्या लावून व्हाइसमध्ये धरा, आधी १.५ चं भोक, मग ४ चं.

त्यात ४ मि.मी. बाहेरची आणि ३ मि.मी. आतली ब्रासची नळी बुश म्हणून, म्हणजे पिनेभोवतीचं अस्तर म्हणून बसवा, लांबी १० मि.मी. तरी हवी. ५ मि.मी. सनबोर्डच्या (फोमसारख्या हलक्या प्लास्टिक बोर्डाच्या) जाडीइतकाच बुश ठेवला तर पिन महिन्याभरात खिळखिळी होते. पिनेला एम३ चा ३० मि.मी. लांबीचा ॲलन बोल्ट. दुकानात निवडून, डोक्याकडे गुळगुळीत दांडा असलेला घ्या, कारण पूर्ण आट्यांचा बोल्ट ब्रासला कानशीसारखा खातो. एक्सलची पट्टी ६ × ६ मि.मी. ची सागवानी किंवा चौकोनी ब्रास नळीची, मधोमध ३.२ चं भोक. क्रम असा: बोल्टचं डोकं, वायसर, एक्सल, वायसर, बुश, वायसर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). नट घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पाव फेरा मागे. साधा नट लावलात तर तो ढकलता ढकलता सुटतो. हा सगळा माल पुण्यात बोहरी आळीत मिळतो. सोबत आपली नळी घेऊन जा आणि बोल्ट तिथेच घालून पाहा, कारण ३ च्या नळीत प्रत्येक ३ चा बोल्ट जात नाही. किंचित अडकत असेल तर बोल्ट ड्रिलमध्ये धरून ४०० नंबरच्या पेपरने फिरवत घासा.

एक्सल किती झुलू द्यायचा? दोन्ही बाजूंना ५ अंश पुरे. त्यात चाक सुमारे ३.५ मि.मी. वर-खाली होतं. त्याहून जास्त दिला तर ट्रॅक्टर उचलल्यावर एक्सल लुळा लोंबतो आणि चाक बॉनेटच्या पत्र्याला घासतं. ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना खालून २ मि.मी. च्या पट्ट्या लावून अडवा.

आता दोन दगाफटके. पहिला, फेविक्विक. बुशच्या आसपास ते वापरलं की पातळ असल्यामुळे फटीतून आपोआप आत ओढलं जातं आणि पिन जाम. बुश बसवताना अरल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी) वापरा आणि बोल्टला व्हॅसलिनचं बोट फिरवून ठेवा. दुसरा, रंग. एक्सल जोडूनच स्प्रे मारला की रंगाचा थर वायसरांच्या फटी बुजवतो आणि मोकळा केलेला एक्सल परत चिकटवल्यासारखा होतो. रंगवल्यानंतर पहिल्यासारखं लंगडणं सुरू झालं तर दुसरीकडे शोधू नका, नट खोला. एक्सल सुटा रंगवून मग जोडा, आणि शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब.

पिन बसवल्यावर चारही चाकं टेकतील, पण बॉडी सरळ उभी राहील की नाही हे आता फक्त मागचा एक्सल ठरवतो. पुढून आधार नसल्यामुळे मागचा दोष उघडा पडतो. त्यामुळे मागची दोन चाकं सारखी असणं आणि मागची सळई सैल नसणं आधीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं. मागे दोन्ही बाजूंची भोकं वेगवेगळी पाडू नका. दोन्ही बाजूंचे तुकडे दुहेरी टेपने एकत्र चिकटवून एकदमच पाडा, मग सुटे करा.

१:३२ मध्ये किंवा शोकेसमध्येच राहणाऱ्या मॉडेलला पिन करायची नसेल तर निदान चिकटवण्याचा क्रम बदला. मागची चाकं आणि बॉडी पूर्ण जोडून काचेवर उभी करा, बॉनेटखाली लाकडाचा ठोकळा देऊन योग्य उंचीला आणा, पुढचा एक्सल चाकांसकट काचेवरच ठेवा आणि सांध्यात २४ तासांचं साधं अरल्डाइट भरा. काचच चाकांची पातळी ठरवते. इथे फेविक्विक नको, कारण एक्सल जागेवर बसायच्या आत ते धरतं. पाच मिनिटांचं इपॉक्सीही घाई करायला लावतं.

चाक गोल नसेल तर

चाकाच्या चकत्या कात्रीने किंवा कटरने कापून मग मध्य शोधून भोक पाडलं की मध्य सरकलाच म्हणून समजा. भोक आधी, गोल नंतर. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) वापरलात तर मधलं भोक आपोआप बरोबर येतं. फक्त त्यावरचा आकडा पाडलेल्या भोकाचा असतो, आतून निघणारी चकती काही मि.मी. लहान, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर मोजा. तयार चाक सरळ करायला ते बोल्टवर दोन वायसर आणि दोन नटांमध्ये आवळा, बोल्ट ड्रिलमध्ये धरा, ड्रिल व्हाइसला बांधा आणि अगदी कमी वेगाने १२० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला लावून टेकवा. पेपर हातात धरून टेकवला तर तो चाकाच्या उंचसखल भागाबरोबर मागेपुढे होतो, आणि चाक गुळगुळीत होतं पण गोल होत नाही. मागची दोन्ही चाकं एकाच बोल्टवर शेजारी लावून घासा, व्यास आपोआप सारखा होतो. डोळ्यांना गॉगल हवाच.

मागच्या टायरच्या लगचा, म्हणजे टायरवरच्या उंच तिरक्या पट्ट्यांचा, घोळ वेगळा. ८२ मि.मी. चाकाचा परीघ २५७.६. एका बाजूला २० लग धरले तर दोन लगमधलं अंतर सुमारे १२.९. डाव्या आणि उजव्या रांगेतले लग समोरासमोर चिकटवले आणि लग ३ मि.मी. रुंद असले तर मधली मोकळी जागा ९.९ ची राहते. चाक त्या खाचेत बसलं की ०.३ मि.मी. खाली उतरतं. म्हणजे चाक गोल असूनही मॉडेल डुगडुगणार, तेही जागा बदलत. दुसरी रांग अर्ध्या अंतराने, ६.४ मि.मी. पुढे सरकवून लावा आणि लगची आतली टोकं मध्यरेषेच्या किंचित पलीकडे जाऊ द्या. परिघाची कागदी पट्टी कापून तिच्यावर २० भाग आखून घेतले की काम सोपं. जाता जाता, ट्रॅक्टर मागून पाहताना लगच्या बाणाचं टोक वर दिसायला हवं. दोन्ही चाकं एकाच साच्यावर केली आणि एकावर बाण उलटा लागला, हे दृश्य चांगल्या चांगल्या मॉडेलांवर दिसतं. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरमध्ये किसान प्रदर्शन भरतं तेव्हा खरे टायर मागून, बाजूने आणि मापपट्टी लावून फोटोत घेऊन ठेवा, वर्षभर पुरतात.

लग मऊ फोमशीटचे असतील तर वजनाने दबतात. दोन महिने एकाच स्थितीत उभ्या राहिलेल्या एक-दीड किलोच्या मॉडेलला खाली सपाट जागा पडतात, आणि हलवल्यावर लंगडणं सुरू. शोकेसमध्ये ठेवताना मागच्या एक्सलखाली ठोकळा द्या, चाकं काचेला नुसती टेकलेली राहू द्या. रबराच्या टायरलाही हेच.

उन्हाळ्यात बरं, जूनमध्ये लंगडं

ही तक्रार पुण्यात नेमाने येते. मार्च ते मे हवा कोरडी, जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट. लाकूड ओल शोषून फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. फळीतून कापलेलं गोल चाक त्यामुळे पावसाळ्यात अंडाकृती होतं. ८२ मि.मी. च्या चाकात अर्धा मि.मी. फरक सहज पडतो. अशा चाकाला मे महिन्यात कितीही अचूक घासा, जुलैत ते परत अंडाकृती होणार. त्याला घासणं हा उपायच नाही. चाकाला प्लाय वापरा, त्यात थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात ६ मि.मी. प्लायचे तुकडे मिळतात, दोन चकत्या एकमेकींना काटकोनात फिरवून चिकटवल्या की चाक पक्कं.

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आकाराने गोल राहतं, पण कापलेल्या कडेने पाणी पितं आणि जाडीत फुगतं. कडेला सँडिंग सीलरचे दोन हात द्या, मध्ये २२० नंबरचा पेपर. एक्सलच्या भोकाच्या आतही ब्रशने सीलर लावा, ते सगळेच विसरतात. बॉडीच्या पट्ट्या फक्त बाहेरून रंगवल्या तर आतली उघडी बाजू ओल घेते आणि पट्टी वाकते, मग सुयांच्या परीक्षेत पीळ दिसतो. आतूनही एक हात मारा.

सनबोर्डला ओलीचा त्रास नाही, त्याला उन्हाचा आहे. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली बॉडी पीळ खाऊ शकते. ती हेअर ड्रायरने थोडी थोडी गरम करून, उलट दिशेला हलका पीळ देऊन, गार होईपर्यंत हाताने तशीच धरून सरळ करता येते. रंग मात्र सुटतो.

पुढची दोन्ही चाकं उचलत असतील तर

हे लंगडणं नाही, वजनाचा तोल आहे. पिन आणि चाकं तपासण्यात वेळ घालवू नका. दोन चाकी ट्रॉली हुकवर भार टाकते. समजा ६० ग्रॅम भार, मागच्या एक्सलच्या ३५ मि.मी. मागे. ६० × ३५ भागिले १२२, म्हणजे पुढच्या चाकांवरचं सुमारे १७ ग्रॅम वजन कमी झालं. एवढं चालून जातं. पण १२० ग्रॅमचा रोटाव्हेटर ९० मि.मी. मागे टांगला तर पुढचं तब्बल ८८ ग्रॅम वजन जातं, आणि सनबोर्डच्या हलक्या बॉडीचं नाक वर येतं. खऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरला लोखंडी वजनं लावतात ती याचसाठी. मॉडेलमध्ये रेडिएटरच्या मागे एम८ चे नट किंवा सायकलचे छर्रे इपॉक्सीत बसवा. जितकं पुढे, तितकं कमी लागतं. पुढच्या एक्सलच्या बरोबर वर ठेवलं तर हिशोबातलं ८८ तेवढंच लागेल, दोन्ही एक्सलच्या मधोमध ठेवलं तर दुप्पट. बॉनेट पक्कं चिकटवायच्या आधी अवजार टांगून, काचेवर उभं करून, पुढच्या प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी ठेवा. दोन्ही पट्ट्या ओढताना अडकल्या तरच बॉनेट बंद करा.